गल्लीवरून जाणारी वायर

ही २०२४ सालच्या श्रावणातली गोष्ट आहे. मी एक जुनी काळी वायर आहे, मित्रांनो. सुरतेच्या गोडादऱ्यात एका घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे मी पडून असते. माझे रबर उन्हाने तडकले आहे. पण एके काळी माझ्यावर एका घराची चूल पेटत होती.

सुपडूभाऊ धुळ्याकडचे. तरुणपण त्यांनी लूम्सच्या खात्यात काढले. मागांच्या खडखडाटाने कान अधू झाले, तेव्हा त्यांनी विजेवर चालणारी रिक्षा घेतली. ते भाड्याने पहिल्या मजल्यावर राहत. खाली अंगण नाही, गाडी लावायला जागा नाही. रिक्षा गल्लीपलीकडच्या भिंतीशी उभी राही. मग दुकानातल्या मोठ्या वेटोळ्यातून मला कापून आणले. भाऊंनी एका टोकाला पिन आणि दुसऱ्याला सॉकेट स्वतः बसवले. गॅलरीतून निघून, गल्ली ओलांडून मी रिक्षापर्यंत नेमकी पोचत असे, पुढे हातभरही नाही. मोठ्या रस्त्यावर चार्जिंगचे स्टेशन होते, पण ते मोटारींचे. रिक्षाची पिन तिथे बसत नसे.

रोज पहाटे भाऊ पलसाण्याच्या कारखान्यात साड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायांना नेत. त्यांतली प्रज्ञा म्हणायची, "भाऊंच्या रिक्षात बसलं की घड्याळ बघायला लागत नाही." ते ऐकून भाऊ घरी येऊन मला फडक्याने पुसत. तो काळ मला फार आठवतो. एकच वाईट सवय होती. पावसाळ्यात भाऊंच्या पत्नी सुषमावहिनी गॅलरीजवळ माझ्यावर पोरांचे कपडे वाळत घालत. मित्रांनो, तुम्ही असे कधीही करू नका.

त्या श्रावणात गल्लीत कानबाई बसणार होती. खानदेशातली माणसे कुठेही गेली तरी आपली ही देवी बरोबर नेतात; ती रविवारी बसते आणि सोमवारी मिरवणुकीने विसर्जनाला जाते. तळमजल्यावरच्या मालतीबाईंनी वर पाहिले आणि हाक मारली.

"सुपडू, ती वायर काढी टाक रे भाऊ. तिनावर कपडा वाळतंस. तिना खालथीन देवी कशी लई जावानी?"

"काढस ना, मावशी. आरती व्हयनी का परत लावसू."

रविवारी दुपारी मला गुंडाळून खुंटीला टांगले. मंडप घालायला रिक्षा ढकलत कोपऱ्यापलीकडे नेली. मंडळाचा गजेंद्र हसून म्हणाला, "तुनी रिक्षा रोज रातले पेस, सुपडूभाऊ. एक दिन उपास घडू दे तिले."

सगळे हसले. भाऊही हसले.

आरती झाली, पण बायांच्या फुगड्या सुरू झाल्या, त्या रात्रभर चालणार होत्या. रिक्षा माझ्या आवाक्याबाहेर होती. सुषमावहिनी म्हणाल्या, "सकायले पोरी वाट दखतीन. त्यास्ले आताच फोन करा, दुसरी गाडी दखतीन."

"देवीना काममां मी कसा आडवा येऊ? अर्धी बॅटरी शे. पोचाडी देसू."

त्यांनी फोन केला नाही. दुसऱ्याच्या गाडीत आपल्या सवाऱ्या एकदा बसल्या की परत येत नाहीत, ही भीती त्यांच्या पोटात होती.

सोमवारी कारखान्यातले निम्मे कामगार, सगळे खानदेशी, कानबाईसाठी रजेवर होते, म्हणून मुकादमाने बाकीच्यांना ताकीद दिली होती: उशीर झाला तर फाटक बंद. इकडे गल्लीत कानबाईची मिरवणूक निघाली. तिकडे हायवेवर, पलसाणा अजून लांब असताना, रिक्षा मंदावली आणि थांबली. बाया उतरून चालत गेल्या. फाटक बंद झाले होते.

दुपारी प्रज्ञा गॅलरीखाली आली. ती ओरडली नाही.

"भाऊ, बॅटरी संपते, ते कळतं मला. पण सकाळी बसतानाच सांगितलं असतं तर?"

मग ती म्हणाली, "उद्यापासून आम्ही व्हॅननं जाणार. सगळ्यांनी ठरवलंय."

मी खुंटीवरून सारे ऐकत होते. त्या संध्याकाळी भाऊंनी मला परत लावले. रिक्षा पूर्ण चार्ज झाली, पण पहाटे तिच्यात बसायला कोणी नव्हते.

मित्रांनो, रस्त्यावर उभी असलेली गाडीही कोणाच्या तरी घरची असते. तिला बाजूला ढकलताना ती उद्या कशी चालेल, एवढे एकदा विचारा. आणि आपली अडचण असेल तर ती ज्याचे नुकसान होणार त्याला वेळेवर सांगा.

भाऊ पुन्हा लूम्सच्या खात्यात गेले. आता त्यांना एका कानाने काहीच ऐकू येत नाही. सुषमावहिनी घरी साड्यांवर टिकल्या चिकटवतात. मालतीबाई सुरतेजवळच्या सचिन गावी मुलाकडे राहायला गेल्या. जाताना त्या भाऊंना काही सांगू पाहत होत्या, पण त्यांना ते ऐकू गेले नाही. गजेंद्र अजून मंडळ चालवतो. प्रज्ञा व्हॅनने पलसाण्याला जाते आणि वाटेत भाऊ दिसले तर हात करते. रिक्षा भेस्तानच्या एका माणसाने विकत घेतली. भाऊंनी त्याच्यापुढे मलाही धरले होते. त्याच्या घराला अंगण आहे, म्हणून त्याने मला नेले नाही.