सूचीतली राणी

आई गेल्यानंतर सातव्या आठवड्यात प्रकाशनसंस्थेच्या संपादिकेचा फोन आला. बाबांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती तीस वर्षांनी निघत होती आणि मुद्रितं तपासायचं काम मी घेतलं होतं. हाताला काहीतरी हवं होतं, एवढंच.

"ताई, सूचीत गडबड आहे," ती म्हणाली. "एक्केचाळीस नोंदी चुकीच्या आहेत. दिलेल्या पानावर तो शब्दच सापडत नाही. शुक्रवारी फाइल छपाईला जाते. तोवर तुम्ही काही कळवलं नाहीत तर मी त्या उडवते."

सूची आईने केली होती. ग्रंथ एका राजघराण्याचा, सहाशे पानांचा. शेवटी बारीक टाइपात अठ्ठावीस पानं, त्यात ग्रंथातलं प्रत्येक नाव आणि ते कुठल्या पानावर आहे याचा आकडा. त्या काळात जेवणाच्या टेबलावर बुटांच्या खोक्यांतून कार्डं उभी असायची. आम्ही दोन महिने ताटं मांडीवर घेऊन जेवलो. कार्डाला तेलकट बोट लागलं तर आई ते कार्ड पुन्हा लिहायची, बोलायची नाही. आईच्या हातून एक चूक झाली असेल, हे मी मानलं असतं. एक्केचाळीस नाही.

तिने पाठवलेली यादी उघडली. सगळ्या नोंदी एकाच नावाखाली होत्या.

"धाकटी राणी: विहिरी खोदवते, २०६. तटबंदी दुरुस्त करवते, २१४. तह नाकारते, २२०. सेनापतीला पदावरून काढते, २२३. त्याच सेनापतीची पत्रे जाळते, २३१."

मी एकेक पान काढून पाहिलं. पान २१४ वर होतं, "याच वर्षी तटबंदी दुरुस्त करण्यात आली." पान २२० वर, "तहाचा प्रस्ताव नाकारण्यात आला." पान २३१ वर, "काही खासगी कागद नष्ट करण्यात आले." राणीचा पत्ता नव्हता. ती संबंध ग्रंथात एकदाच येते, पान १९८ वर: राजा वारला, वारस सहा वर्षांचा, म्हणून "राज्याचे पालकत्व धाकट्या राणीसाहेबांकडे सोपवण्यात आले." पुढची चाळीस पानं, अकरा वर्षं, राज्यात सगळं आपोआप होत राहतं.

लग्नाआधी आई शाळेत व्याकरण शिकवायची, आणि ते तिने घरीही सोडलं नाही. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "आई, कप फुटला!" आतून एकच शब्द यायचा, "कर्ता?" मग "मी कप फोडला" असं पूर्ण वाक्य म्हणेपर्यंत केरसुणी मिळायची नाही. जुनी नाटकं ती पेन्सिल घेऊन वाचायची. "राणीला दोनच क्रियापदं दिलीत बघ," म्हणायची, "रुसते आणि मानते. तिसरं लागलं तर दासीला पाठवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्रितं घेऊन बाबांकडे गेले. टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या आहेत. ते अजून आपल्याच बाजूला बसतात. आईचा चष्मा पेन्सिलींच्या भांड्यात उभा होता. चहा त्यांनी स्वतः केला होता आणि त्यावर साय धरली होती.

"बाबा, ही तटबंदी कोणी दुरुस्त केली?"

"गवंड्यांनी."

"बाबा."

"मग कोणी करायची? मी?"

मी सूचीचं पान पुढे सरकवलं. त्यांनी भिंग घेतलं. राणीच्या नोंदी संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. संपल्यावर पुन्हा वरून सुरुवात केली.

"तुम्ही हे कधी वाचलं नव्हतंत?" मी विचारलं.

"सूची कोण वाचतं? आणि तिने केलेली. तिची तपासायची काय?"

यात विश्वास किती आणि दुर्लक्ष किती, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

मग त्यांनी सांगितलं, नेहमीसारखं, व्याख्यानाच्या सुरात. त्या घराण्याच्या वंशजांनी दप्तर बघू दिलं ते एका अटीवर. राणीच्या पत्रांचा आधार घ्यायचा नाही. राज्य बाईने राखलं आणि दरबार नुसता माना डोलवत होता, हे त्यांना छापून यायला नको होतं. सेनापतीचं प्रकरण तर नकोच नको.

"काय प्रकरण?"

"जीव होता तिचा त्याच्यावर. त्याने मुलाला बाजूला सारून स्वतः गादीवर बसायचं मनात आणलं. दरबार गप्प. तिने त्याला काढला. त्याची पत्रं मात्र आठ वर्षांनी जाळली." बाबांनी सूचीचं पान जवळ ओढलं. "राणीच्या अक्षराचं वळण मला लागत नसे. तुझी आई वाचायची, मी टिपून घ्यायचो. शेवटची पत्रं वाचताना ती अडखळायची. अक्षर खराब आहे, म्हणायची. अक्षर चांगलं होतं."

"आणि तरी तुम्ही राणीला काढलंत."

"काढली कुठे? सगळं लिहिलंय की. फक्त करण्यात आलं, असं लिहिलंय." स्वतःचं वाक्य ऐकून त्यांनी भिंग खाली ठेवलं. "ती भांडली. दोन दिवस बोलली नाही. मी म्हटलं, अगं, पुढच्या आवृत्तीत घालू."

आमच्या घरात "पुढच्या आवृत्तीत" हा विनोद होता. गळका नळ, समुद्र बघायला जाणं, आईचं अर्धवट राहिलेलं शिक्षण, सगळं पुढच्या आवृत्तीत. आई ते हसून म्हणायची, म्हणून मीही हसायचे. तो तिने कुठून उचलला, हे मला त्या सकाळी कळलं.

"ही तीच आवृत्ती आहे, बाबा. मजकूर बदलू या. तेव्हाच्या टिपणांच्या वह्या कुठे आहेत?"

"वंशजांना देऊन टाकल्या. तीही अट होती. पुढे त्यांच्याकडे दप्तराच्या खोलीत पाणी शिरलं. काही उरलं नाही."

"मग?"

"मग काय? पुराव्याशिवाय एक ओळ बदलणार नाही. मी इतिहास लिहितो, नाटक नाही."

म्हणजे ती राणी आता फक्त आईच्या एक्केचाळीस ओळींत होती, आणि त्या शुक्रवारी उडणार होत्या. पान त्यांच्यासमोर तसंच राहू दिलं. ते चहावरची साय चमच्याने बाजूला करत बसले, चहा प्यायले नाहीत.

"त्या संपादिकेचा नंबर लाव," शेवटी ते म्हणाले.

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. संपादिकेचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"सर, पण त्या पानांवर राणी सापडतच नाही."

"कशी सापडेल? मी काढली ती. सूची बरोबर आहे, चुकलंय ते पुस्तक. छापा तशीच."

"अहो सर, वाचक विचारतील."

"विचारू देत की. तीस वर्षांत एकाने विचारलं नाही. माझा पत्ता आहे ना तुमच्याकडे?"

फोन ठेवल्यावर ते ओरडले, माझ्यावर, कारण दुसरं कोणी नव्हतं. "दोन दिवस बोलली नाही, मला वाटलं राग गेला! आणि ही इथे, बारीक टाइपात!" मग भिंग पुसत बसले.

मी उरलेली मुद्रितं चाळत राहिले. प्रस्तावनेत, पान नऊवर, आभारांच्या शेवटी वाक्य होतं: "सूची परिश्रमपूर्वक तयार करण्यात आली आहे."

आईचं बुटांचं एक खोकं अजून टेबलाखाली होतं; त्याच्या तळाशी कोरी कार्डं होती, कडा पिवळ्या पडलेली. एक काढलं. आईचं नाव लिहिलं, माहेरचं, तिच्या शाळेच्या हजेरीपटात असायचं तसं. पुढे लिहिलं, "सूची तयार करते, ९". काळ तिचाच ठेवला. तिच्या सूचीत मेलेली माणसं तह करतात, विहिरी खोदतात, पत्रं जाळतात, सगळं वर्तमानात.

बाबांनी हात पुढे केला. कार्ड डोळ्यांजवळ धरलं.

"पूर्णविराम राहिलाय," म्हणाले, आणि भांड्यातून पेन्सिल काढली. चष्म्याला धक्का लागणार नाही अशी. पूर्णविराम दिला. मग त्यापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "पत्रे वाचते, १९८-२३८."

मी कार्डाचा फोटो पाठवला. संध्याकाळी संपादिकेचा फोन आला.

"ताई, दोन नोंदी नव्या आल्यात. पण या पानांवर हे नाव नाहीये."

"माहीत आहे."

"म्हणजे त्रेचाळीस झाल्या," ती म्हणाली. पानं उलटल्याचा आवाज आला. "बरं, ही कोणत्या अक्षराखाली घेऊ, नावाच्या की आडनावाच्या?"