लवंगी आणि माझा चुकलेला आकडा

मित्रांनो, वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणारी मी एक जुनी काचेची पेटी. रुग्णालयाच्या नवजात विभागात भिंतीला लागून माझी जागा आहे. कारखान्यातून आले तेव्हा मी लखलखीत होते आणि जरा शिष्टही होते. आता माझं एक चाक अडतं आणि झाकण करकरतं. पण सोळा वर्षांत एवढ्याएवढ्याशा जिवांना मी सांभाळलं, याचा मला अभिमान आहे.

एकदा माझ्याकडे अकराशे ग्रॅमची एक मुलगी आली, तब्बल दहा आठवडे आधी. तिची आई लाँड्रीत दिवसभर उभी राहून इस्त्री करायची. तिचा पहिला मुलगाही लवकर झालेला, या खेपेला तिच्या अंगात रक्त कमी, रक्तदाब वाढलेला. दोन दिवस पोट कडक होत होतं, पण दमल्यामुळे असेल म्हणून तिने ते अंगावर काढलं. मुलगी मात्र रडली की विभाग दणाणून सोडायची. मोठ्या सिस्टरांनी तिचं नाव ठेवलं लवंगी.

आई माझ्या काचेपाशी उभी राहून पुटपुटायची, "माझंच चुकलं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं एकट्या स्वतःवर कशाला घेता? पहिलं बाळ लवकर झालं, तेव्हाच आम्ही तुम्हाला जास्त जपायला हवं होतं. आणि कधीकधी कारण आम्हालाही सापडत नाही."

तरी ती लवंगीला हात लावेना. "माझ्या हातांना घट्टे पडलेत, तिला टोचतील," म्हणायची.

आता माझी चूक सांगते. बाळाच्या पोटावर चिकटवलेल्या तारेवरून मला त्याचं तापमान कळतं. मोठ्या सिस्टर मात्र आधी बाळाला हात लावायच्या आणि मग माझा आकडा बघायच्या. मला याचा राग यायचा. माझ्यावर विश्वास नाही म्हणजे काय!

एका सकाळी लंगोट बदलताना ती तार सुटली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. तारेला नुसती हवा लागत होती. मला वाटलं, लवंगीला थंडी वाजतेय, म्हणून मी जीव तोडून तापत गेले. माझा गजर तर केव्हाच बिघडला होता. सिस्टरांनी हात आत घातला आणि त्या ओरडल्या, "अगं बाई, पोर तापलीय आणि ही म्हणते गार!"

लवंगी लालबुंद झाली होती आणि तिचा श्वास मध्येच थांबत होता. सिस्टरांनी तिचे तळवे चोळले, मला बंद केलं. थोड्या वेळाने श्वास पुन्हा सुरळीत झाला. पण मला दुरुस्त करायला दोन तास लागणार होते आणि दुसरी एकही पेटी रिकामी नव्हती.

सिस्टर आईकडे वळल्या. "बसा खुर्चीत. हिला छातीशी धरायचं, अंगाला अंग लावून."

"मला नाही जमणार हो, सिस्टर!"

"सात महिने जमलंच ना? धरा."

मी उघडी पडून बघत होते. आई खुर्चीत टेकली. लवंगी तिच्या छातीवर बेडकीसारखी पसरली आणि वरून पांघरूण आलं. तासाभराने सिस्टरांनी तापमान घेतलं, अगदी हवं तेवढं. श्वास एकदाही अडला नाही. इतकी वर्षं मला जे तारा लावून जमलं, ते या बाईने भीत भीत, पहिल्याच खेपेला केलं! मी थक्क झाले. तेव्हापासून ती रोज कितीतरी तास तशीच बसायची.

सहा आठवड्यांनी लवंगी घरी निघाली. बापाने घाबरून विचारलं, "पेटीबाहेर तिला थंडी नाही ना वाजणार?"

आई हसली. "आता पेटी मीच."

मित्रांनो, मला हेवा वाटायला हवा होता, पण आनंदच झाला. तुमच्या आईला, ताईला, काकूला दिवस गेले असतील, तर तिला उन्हातान्हात, कामात फार वेळ उभं राहू देऊ नका, तपासण्या चुकवू देऊ नका. दिवस भरण्याआधीच पोट कडक होऊ लागलं, तर "असेल काहीतरी" म्हणून बसू नका, तिला लगेच दवाखान्यात न्या. मी रिकामी राहिले तर मला मुळीच वाईट वाटणार नाही.