व्हा पुढं, आलेच

"त्या दोराला हात लावलास तर याद राख. कोयता खाली ठेव आधी."

"आबा, अहो आभाळ बघा की! मावळतीकडून कसं दाटून आलंय. मका भिजला तर कणसांना कोंब फुटतील. मग बसा दोर कवटाळून!"

बापलेक रानाच्या फाटकाशी हमरीतुमरीवर आले होते. रिकामी गाडी वाटेत उभी होती आणि बैल कंटाळून कडेचं गवत ओढत होते. आत मका वाळून करकरीत झाला होता. सकाळपासून मोडलेल्या कणसांचे ढीग रानात पडले होते. गाडी आत गेल्याशिवाय ते घरी यायचे नाहीत, आणि फाटक उघडल्याशिवाय गाडी आत जायची नाही. फाटकाला तर गाठ.

गाठ म्हाताऱ्याच्या बायकोनं मारलेली. पेरणी संपली त्या संध्याकाळी तिनं फाटक बांधलं, घरी आली, "अंग जरा मोडून आलंय" म्हणून आडवी झाली, ती पुन्हा उठलीच नाही. देवानं दया केली ती एवढीच, की फाटक बांधून होईस्तोवर थांबला.

तिच्या माघारी म्हाताऱ्यानं एकदा ती गाठ सोडवून पाहिली. नख तुटलं, गाठ हलली नाही. आणि खरं सांगायचं तर, नाही सुटली म्हणून त्याला मनातून बरंच वाटलं. मग सगळं घर कुंपणावरून ये-जा करू लागलं. मुलगा उडी मारायचा, सून आधी खुरपं पलीकडे टाकून मग चढायची, आणि म्हातारा दगडावर पाय देऊन, गुडघ्यांना शिव्या घालत, कसाबसा पलीकडे उतरायचा.

"डोक्यावरून वाहू," तो आता म्हणाला. "एकेक पाटी कुंपणावरून काढू."

"कोण काढणार? तुम्ही? इथवर चालत आलात तर धाप लागलीय."

म्हातारा दगडावर बसला. खरंच दमला होता. काम पूर्वीएवढंच होतं, पण अलीकडे सकाळी उठतानाच तो दिवसभर राबल्यासारखा उठायचा.

शेजारच्या रानातला गवंडी बोलणं ऐकून कुंपणापाशी आला. "काय रे झपाट्या, आज भांडायला लेकाचा नंबर का?"

गावानं म्हाताऱ्याला झपाट्या हे नाव उगीच ठेवलं नव्हतं. संध्याकाळी काम आटोपलं की हा फाटक लोटून सुटायचा. बायकोबरोबर म्हणून कधी चालला नाही, परतताना कायम हाकेभर पुढं. आणि वर मागे वळून ओरडणार, "अगं, काय उरकत बसलीस? पाय आहेत का ओंडके?"

ती लांबूनच म्हणायची, "व्हा पुढं, आलेच."

गावात कुणी बुवा आले आणि गाऊन देवाच्या गोष्टी सांगणार असले, की याला बसायला पुढची जागा हवी. ती घरी येणार, हातपाय धुणार, मग पोचणार, तेव्हा कथा मध्यावर आलेली. मागे चपलांपाशी बसायची. परतताना विचारायची, "सुरुवातीला काय सांगितलं हो?" मग हा पुढं चालता चालता सगळं सांगायचा, चालीसकट. देवाच्या साऱ्या गोष्टींची सुरुवात तिनं अशी नवऱ्याच्या फाटक्या आवाजात ऐकली. ती गेल्यापासून म्हातारा ऐकायला जात नव्हता. ऐकून आल्यावर सांगायचं कुणाला?

"काका, आबांना तुम्ही तरी सांगा," मुलगा गवंड्याला म्हणाला. "आईनं काय फाटक जन्मभर बंद ठेवायला बांधलं होतं?"

गवंडी बोलणार एवढ्यात वाटेनं लेक आली. मका काढायला हाताखाली म्हणून ती सासरहून यायची होती. डोक्यावर गाठोडं होतं.

"आभाळ भरून आलंय आणि तुम्ही सगळे गप्पा काय मारताय?"

"ये बाई, ये," भाऊ म्हणाला. "फाटक उघडत नाही, कापू देत नाहीत. आता तूच बघ."

"कापायचं कशाला?"

तिनं गाठोडं उतरवलं, वाकून गाठीखालचं एक टोक चिमटीत धरलं आणि हिसका दिला. सगळा वेढा सळसळत खाली आला. फाटक आपोआप कुरकुरत थोडं आत गेलं.

म्हाताऱ्याचा आवाज चढला. "तुला येत होतं? आणि इतके महिने..."

"मला कुणी विचारलं? मला काय ठाऊक तुम्ही माकडासारखे कुंपणावरून उड्या मारताय!"

"तिनं मला कधी दाखवली नाही."

लेकीनं भावाकडे पाहिलं, मग गवंड्याकडे. "आईनंच सांगितलं होतं, आबांना शिकवू नकोस म्हणून."

"का?"

"जाऊ द्या ना."

"बोल."

"काकांची गाय रानात शिरली होती, आठवतं? निम्मं पीक खाल्लं. तुम्ही काकांशी भांडलात, कितीतरी दिवस बोलला नाहीत. फाटक तुम्हीच नुसतं लोटून गेला होतात, आबा. आईनं पाहिलं होतं. चार माणसांत तुमची मान खाली जाईल म्हणून बोलली नाही. त्यानंतर सकाळी फाटक उघडायला ती पुढं आणि बांधायला मागं राहू लागली. म्हणायची, त्यांना शिकवलं तर घाईत अर्धीच मारतील."

गवंडी कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "म्हणजे माझी गाय निर्दोष होती! आणि मी त्या बिचारीला काठीनं झोडपलं रे झपाट्या!" त्यानं फाटक पुरतं आत लोटलं. "देवमाणूस होती वहिनी. चल, हाण गाडी आत. मी पण लागतो."

गाडी आत गेली. सगळे पाट्या भरत राहिले. म्हातारा एक पाटी भरायचा, दम खायचा, पुन्हा वाकायचा. इतकी वर्षं तिच्या नावानं ओरडलो, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. शेवटचा ढीग गाडीत पडला तेव्हा वाऱ्याला ओला वास सुटला होता.

गाडी बाहेर निघाली. लेकीनं दोर उचलला, तर म्हाताऱ्यानं तो तिच्या हातातून घेतला.

"दाखव."

"हे असं वरून घ्यायचं. आता आतून. ओढू नका लगेच. हे टोक एवढं मोकळं ठेवायचं."

त्यानं बांधली. हिसका दिला तर सुटलीच नाही, आवळून बसली. ती सोडवण्यात पुन्हा नख दुखावलं. दुसऱ्यांदा बांधली ती हात लावताच ओघळली.

"राहू द्या आबा, मी बांधते. पाऊस आला."

"तू जा."

गाडी वळणावर पोचली होती. मोठे थेंब धुळीत टपटपू लागले. मुलानं बैलांना थोपवलं आणि मागे वळून ओरडला, "आबा! अहो, मागं काय उरकत बसलाय? चला की!"

म्हाताऱ्यानं वर पाहिलं नाही. दोर वरून घेतला, आतून काढला.

"व्हा पुढं," तो म्हणाला, "आलोच."