चुकीच्या पाकिटातलं नाव

मी एक जुना टाइपरायटर आहे. मनिलात कॉलेजांच्या रस्त्यावर, पदपथावरच्या ताडपत्रीखाली माझं टेबल होतं. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आता धड आठवत नाही. मालकीण मात्र पहिल्यापासून एकच. सगळा रस्ता तिला आदराने आलिंग सेबेरा, म्हणजे सेबेराबाई, म्हणायचा.

शपथपत्रं, नोकरीचे अर्ज, प्रबंध, प्रेमपत्रं, आम्ही काय म्हणून टाइप केलं नाही? पण एप्रिल आला की माझी हाडं खिळखिळी होत, कारण महिनाअखेरीला राष्ट्रीय साहित्य पुरस्काराची मुदत असे. इंग्रजीत लिहिणारे आणि फिलिपिनोत लिहिणारे, दोघेही आमच्याच रांगेत घाम पुसत उभे राहत. मित्रांनो, त्या पुरस्काराचा नियम कडक होता. गोष्टीवर टोपणनाव घालायचं आणि खरं नाव वेगळ्या कागदावर लिहून, पाकिटात बंद करून गोष्टीसोबत द्यायचं. निकाल लागल्यावर विजेत्याचं पाकीट फोडत. हरलेल्यांची पाकिटं न फोडताच जाळत.

बावीस वर्षं आलिंगने दुसऱ्यांच्या गोष्टी टाइप केल्या. तिच्या पानावर खाडाखोड सापडत नसे. त्यांतल्या तिघा लेखकांना पदकं मिळाली, आणि तिघांनीही तिला आठवणीने पान्सित नूडल्सची एकेक ताटली आणून दिली. मग एका वर्षी तिने स्वतःची गोष्ट लिहिली, फिलिपिनोत, दुपारी गिऱ्हाईक नसताना. बोटीच्या फळीवरून पडून मेलेल्या नवऱ्याचा जेवणाचा डबा परत मागायला रोज गोदीवर जाणाऱ्या बाईची ती गोष्ट होती. तिचा नवराही तसाच गेला होता. टाइप करताना ती मधेच थांबायची, आणि मीही गप्प राहायचो.

शेवटच्या दिवशी प्रोफेसर अब्रेनिका आपली इंग्रजी गोष्ट टाइप करून घ्यायला आले. चौदा वर्षं ते भाग घेत होते आणि चौदा वर्षं हात हलवत परतत होते. त्यांना टेबलावर तिची प्रत दिसली.

"काय आलिंग, तुम्हीपण? कुठल्या विभागात?"

"फिलिपिनोत, सर."

"मग हरकत नाही. बाजारात बोलायच्या भाषेत लिहा की खुशाल. आमच्या पोटावर पाय नाही येत."

रांगेतले हसले. आलिंगचे कान लाल झाले. त्याच गडबडीत तिने प्रोफेसरांच्या नावाचा कागद आपल्या पाकिटात घातला आणि आपल्या नावाचा त्यांच्या पाकिटात. मी डोळ्यांनी पाहिलं. माझा जीव उडाला, पण मी ओरडणार कशाने? माझ्याकडे एक घंटी, तीही ओळ संपल्यावरच वाजणारी. दोन्ही पाकिटं चिकटली आणि गेली.

निकालाचं वर्तमानपत्र आलं तेव्हा आलिंगने ते उभ्यानेच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. फिलिपिनो कथेचं पहिलं बक्षीस तिच्याच गोष्टीला होतं. लेखक म्हणून नाव होतं प्रोफेसर अब्रेनिकांचं. त्यांची इंग्रजी गोष्ट हरली होती, आणि त्या गोष्टीच्या पाकिटातलं आलिंगचं नाव कधीच जळून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रोफेसर आले. चेहरा उतरलेला.

"ही गोष्ट कोणाची, आलिंग?"

"माझी." तिने कार्बनची प्रत पुढे केली.

त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. मग जे बोलले, त्याने मी आजही हादरतो.

"नियम तुम्हाला माहीत आहे. चुकीचं नाव निघालं की गोष्ट बाद. खरं सांगितलं तर बक्षीस कोणालाच नाही, आणि छापणारही नाहीत. पैसे तुम्ही घ्या, पदक तुम्ही घ्या. नाव तेवढं राहू द्या."

"का राहू देऊ?"

"माझ्या आईने गल्लीच्या तोंडाशी माझ्या नावाचा कापडी फलक लावलाय. शेजारी मेजवानीसाठी डुक्कर भाजायच्या तयारीला लागलेत. ऐंशी वर्षांची आहे ती. तिला काय सांगू?"

आलिंगने प्रत त्यांच्या हातातून परत घेतली. मग म्हणाली, "सर, त्या गोष्टीत माझा नवरा मेलाय. तुमचं कोण मेलंय?"

तिने माझ्यात कागद चढवला आणि दोन ओळी टाइप केल्या: ही गोष्ट माझी नाही. ती टाइप करणाऱ्या बाईची आहे. कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पेन इतकं दाबून सही केली की कागद फाटला.

कागद पुरस्काराच्या परीक्षकांकडे गेला. मला वेडी आशा होती की कोणाला तरी दया येईल. नाही आली. त्या वर्षी फिलिपिनो कथेचं पहिलं बक्षीस रद्द केलं, ते कोणालाच दिलं नाही. बातमी दोन ओळींची होती आणि आलिंगचं नाव तीतही नव्हतं. हे होणार हे तिला सही घेण्याआधीच ठाऊक होतं, मित्रांनो.

त्याच दुपारी तिने ती गोष्ट पहिल्यापासून पुन्हा टाइप केली आणि ताडपत्रीच्या बांबूला टाचून ठेवली. रांगेतली माणसं वाचू लागली. वाचून झालं की आपले कागद मुकाट्याने तिच्यापुढे ठेवत.

आता माझी फीत सुकली आहे, निम्मी अक्षरं उठत नाहीत. मला तेलपाणी करा असं मी म्हणत नाही. एवढंच मागतो, कोणाचं लिहिलेलं हातात आलं तर त्याचं नाव आधी वाचा, आणि मोठ्याने वाचा. त्या दुपारी टोपणनावाच्या जागी तिने आपलं पूर्ण नाव घातलं होतं. बावीस वर्षांत ते मी पहिल्यांदाच गोष्टीवर उमटवलं: सेबेरा दिमायुगा.