आपल्यातलाच हवा

गोत्र म्हटलं की माझे भावजी, पुरुषोत्तम, पोट धरून हसायचे. सगळं थोतांड! आणि हाच माणूस २००६ सालच्या त्या रविवारी, न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला लेकीच्या होणाऱ्या सासरी बसून म्हणाला, "सगोत्र आहे. हे लग्न होणार नाही." स्वतःचं गोत्र तरी ठाऊक होतं का बाबाला?

झालं होतं एवढंच, की मुलाचे वडील गुरुनाथ चहा पुढे करत म्हणाले होते, "ब्याऐंशीला तुम्ही ॲन आर्बरला? अहो, मी तिथंच पीएचडी करत होतो! तेव्हा अख्ख्या कॅम्पसवर मराठी पोरं आम्ही तिघंच." ते ऐकून भावजींचा चेहरा पांढराफटक पडला.

आम्ही गाडीत बसताच त्यांची लेक सई कडाडली. "बाबा, you? गोत्र? खरं कारण सांगा."

भावजींनी गाडी सुरू केली. शेवटी माझी बहीण नीला रडत बोलली. "मूल होत नव्हतं, दोष ह्यांच्यात होता. डॉक्टर म्हणाले, डोनर घेऊ. आम्ही म्हटलं, अमेरिकन नको, आपल्यातलाच हवा. त्यांनी ॲन आर्बरच्याच युनिव्हर्सिटीतला एक मराठी स्टुडंट बघितला. नाव नाही सांगितलं."

मला तर ह्या दोघांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मूल गोरंगोमटं निघालं तर महाराष्ट्र मंडळात काय सांगायचं, ही ह्यांना चिंता! पण मूठभर मराठी माणसांतून 'आपल्यातलाच' बाप मागायचा, आणि पुढे पोरीलाही 'आपल्यातलाच' नवरा बघ म्हणून टोचायचं, ह्याचा परिणाम काय होईल, एवढी साधी गोष्ट दोन पदवीधरांच्या डोक्यात येऊ नये?

सई रडली नाही. तिनं क्लिनिकला फोन केला. डोनरचं नाव गुप्त असतं, म्हणाले. मग वकील गाठला. तो म्हणाला, कायद्यानं तुला काहीच मागता येत नाही. म्हणजे जन्म हिचा, आणि संरक्षण त्या डोनरला. असल्या कायद्याला आग लागो.

पुढच्या शनिवारी ती मला घेऊन थेट गुरुनाथांच्या घरी गेली. तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं, वेदांतनं दार उघडलं, तिचा हात धरून तिला आत नेलं. त्याची आई, अहिल्या, तोंड वाकडं करून बसली होती. गोत्राचा अपमान पचला नव्हता.

सई उभ्यानंच बोलली. "काका, ॲन आर्बरला तुम्ही स्पर्म डोनर होतात का?"

"शी! काय बोलतेय ही?" अहिल्या माझ्यावर ओरडली. "सुनेत्राताई, हेच संस्कार का तुमच्याकडचे?"

"माझा जन्म तसा झालाय. It was one of you three," सई म्हणाली. "मला वेदांतशी लग्न करायचंय. काका, फक्त 'नाही' म्हणा. प्लीज."

मी मनातल्या मनात त्या माणसाला सांगत होते, म्हण रे, म्हण नाही.

गुरुनाथ ताडकन उठले. चेहरा लालबुंद. "हे विचारायचा तुला राइट नाही! मला प्रॉमिस केलं होतं त्यांनी, कोणी कधीही विचारणार नाही म्हणून! कायदा आहे या देशात!"

अहिल्या नवऱ्याकडे बघतच राहिली.

वेदांतला अजून कळलं नव्हतं. "Dad, what promise?" तो विचारत होता. सईचा हात त्यानं तसाच धरून ठेवला होता. तिनं तो हळूच सोडवून घेतला.