चढावर पातळ तेल

लॉरेटा बुचेक बैठकीतून बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. आम्ही तेलविभागातली माणसं तिला ओळखून होतो. कान लाल म्हणजे बाई एकतर कुणाशी भांडून आल्यात, नाहीतर काहीतरी जबरदस्त हाती लागलंय. त्या दिवशी दोन्ही झालं होतं.

"नोरीन, वरून परवानगी मिळाली!" माझ्या टेबलावर तिने थाप मारली. "पातळ तेल! आपलं पातळ तेल!"

मी खुर्चीतून उडालेच. किती दिवस ती ह्यामागे लागली होती! सरकारचा नियम असा की कंपनी वर्षभरात जे पिकअप विकते, त्यांच्या मायलेजची सरासरी ठरल्याइतकी यायलाच हवी. आमची अगदी थोडक्यात हुकत होती. नवं इंजिन काढायला वेळ नव्हता. पण तेल पातळ केलं की ते ढकलायला इंजिनाचा जोर कमी लागतो, पेट्रोल चिमूटभर वाचतं. एका गाडीत ती चिमूट मालकाला कळणारही नाही. लाखो गाड्यांत मात्र आमची सरासरी तरून जात होती.

"आणि भांडण कुणाशी झालं?" मी विचारलं.

उत्तर तिच्या मागोमाग दारातून आत आलं. स्टेलिओस पापाडाकिस. आमच्या कंपनीत इंजिनं फोडण्याचं खातं त्याचं. नवं इंजिन आलं की ते मोडेपर्यंत पळवायचं आणि का मोडलं ते सांगायचं. माणूस दिसायला दाराएवढा, आवाज त्याहून मोठा.

"पाणी घाला ना त्यापेक्षा!" तो गरजला. "पाणी स्वस्तही पडेल! अगं, मेलबर्नला माझा मावसभाऊ हेच इंजिन चालवतो. त्याच्या गाडीच्या पुस्तकात घट्ट तेल लिहिलंय. तिथलं लोखंड वेगळं आहे का?"

"लोखंड तेच, स्टेल. कायदा वेगळा," लॉरेटा म्हणाली. "तिथे सरासरी कुणी विचारत नाही, म्हणून घट्ट घातलं तरी कुणाचं काही अडत नाही. पण घट्ट चालतं ह्याचा अर्थ पातळ चालत नाही असा होतो का?"

"मग सरकारी चाचणीपुरतं पातळ घाल, आणि गिऱ्हाइकाला घट्ट दे."

"ती चलाखी सरकारला कळते. चाचणीत जे तेल, तेच कारखान्यात भरायचं आणि तेच पुस्तकात छापायचं."

"म्हणजे एखादा म्हातारा उन्हाळ्यात नातवंडं घेऊन, मागे होडी बांधून डोंगर चढणार, आणि त्याच्या इंजिनात तुझं सरबत!"

"डोंगर तू निवड," लॉरेटा म्हणाली. "ऊन तू निवड. मागे काय बांधायचं तेही तूच सांग. चालव तूच."

स्टेलिओस मग दात दाखवून हसला. असं आमंत्रण त्याला उभ्या आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

अशा रीतीने ऐन ऑगस्टमध्ये आम्ही तिघं मिशिगन सोडून ॲरिझोनात डेव्हिस धरणापाशी उभे होतो. नदीपासून डोंगराच्या खिंडीपर्यंत तिथे एक रस्ता जातो. सरळ, उघडा आणि न संपणारा चढ. सावलीला एक झुडूप नाही. दाराच्या कडीला हात लावला तर पोळत होता. पिकअपच्या मागे वाळूच्या पोत्यांनी गच्च भरलेला ट्रेलर होता. लॉरेटा पुढे, मी मागच्या सीटवर मांडीत तारांचा गुंता आणि त्याला जोडलेला आकड्यांचा डबा घेऊन. तेल किती तापलं, दाब किती राहिला, हे मी ओरडून सांगायचं.

"एसी पूर्ण सोड," लॉरेटा म्हणाली.

"सोडतो की. म्हातारा काय घामाघूम होऊन चढणार?" स्टेलिओसने शिट्टी वाजवली आणि ॲक्सिलरेटर दाबला.

पहिल्या टप्प्यात तो मजेत होता. "नोरीन, तेल कसं आहे? उकळलं का? साखर टाकू?" तेल तापत होतं, दाब उतरत होता, पण दोन्ही लॉरेटाने आधीच काढून ठेवलेल्या आकड्यांना धरून. तिची बोटं गुडघ्यावर ताल धरल्यासारखी चालली होती. अर्धा चढ गेला. स्टेलिओसची शिट्टी थांबली. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या, वाफाळणाऱ्या गाड्या आम्ही मागे टाकत होतो. बघता बघता मी आकडे सांगताना किंचाळायला लागले होते. भीतीने नाही, आनंदाने! चालत होतं! सगळं चालत होतं!

आणि वळण पार केलं तर समोर गाढवं.

त्या भागात रानगाढवं मोकाट फिरतात. डझनभर तरी असतील, रस्त्यात आडवी उभी. पुढच्या गाड्या थांबल्या होत्या. स्टेलिओसने ब्रेक दाबला. आता इंजिन हळू फिरू लागलं, म्हणजे तेलाचा पंपही हळू. तेल तर चढाने पार कढलेलं, म्हणजे आणखीच पातळ.

"दाब पडतोय!" मी ओरडले. "लॉरेटा, फार पडतोय!"

तेलाचा लाल दिवा लुकलुकला. मग लागलाच.

"बंद करतो," स्टेलिओस म्हणाला. त्याच्या आवाजात आता थट्टा नव्हती.

"नको. नुसतं उभं असताना इंजिनावर भार नाही, पातळ थरही पुरतो," लॉरेटा म्हणाली. "खरी परीक्षा निघताना आहे. आधी जागेवरच इंजिनाचा वेग थोडा चढव, दाब येऊ दे, मग..." ती बोलता बोलता थांबली.

स्टेलिओसने तिच्याकडे पाहिलं. "मग काय?"

"नाही," ती म्हणाली. "म्हाताऱ्याला हे सांगायला मी नसणार. तो काढेल तशीच काढ."

"लॉरेटा, बेअरिंग गेलं तर तुझं तेल गेलं. इथेच."

"काढ म्हणते ना!"

गाढवं हलली. स्टेलिओसने पाय दाबला. सगळा ट्रेलर, सगळी वाळू, सगळा डोंगर त्या हळू फिरणाऱ्या इंजिनावर एकदम आला. आम्हा तिघांचे कान बेअरिंग फुटल्याच्या त्या एका ठोक्याची वाट बघत होते. गाडी गुरगुरली, थरथरली आणि चढू लागली. लाल दिवा विझला.

"चल बयो, चल!" स्टेलिओस स्टिअरिंगवर तळहात आपटत ओरडत होता. "चल गं माझी आई!" ज्याने इंजिन फुटावं म्हणून डोंगर निवडला, तोच आता गाडीला खिंडीपर्यंत ढकलत होता. खिंडीत पोचल्यावर आम्ही खाली उतरून भर उन्हात नाचलो.

तो आनंद मिशिगनला इंजिन उघडेपर्यंतच टिकला.

ज्यांवर इंजिनाचा दांडा फिरतो, त्या बेअरिंगच्या पट्ट्या एकेक करून टेबलावर आल्या. करड्या, गुळगुळीत, नव्यासारख्या. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते. सगळ्यात मागची शेवटची पट्टी लॉरेटाने उजेडात धरली आणि तिचा चेहरा उतरला. कडेला करडा थर घासून खालचं तांबं दिसत होतं.

"संपलं," ती हळूच म्हणाली. "हे मी कुणाच्या गाडीत घालणार नाही. वर सांगून येते, तेल मागे घेतलं म्हणून."

"बस खाली," स्टेलिओस म्हणाला.

"तूच म्हणत होतास ना..."

"मी पुष्कळ म्हणतो. बस आधी." त्याने ती पट्टी हातात घेतली, फिरवली, डोळ्याशी नेली. "बाकीच्या बघ. एकीवर ओरखडा तरी आहे का? तेल वाईट असतं तर सगळ्या गेल्या असत्या. ह्या शेवटच्या बेअरिंगपर्यंत तेल वेळेवर पोचलंच नाही. दिवा लागला तेव्हा ही बिचारी कोरडी होती. तेलाचा दोष नाही, लॉरेटा. वाट अरुंद आहे."

 हळूहळू लॉरेटाचे कान लाल होऊ लागले.

"त्या वाटेचं भोक मोठं केलं तर?"

"थोडंसंच. आणि पंप जरा ताकदीचा."

"वाचवलेलं पेट्रोल पंपातच जाईल."

"सगळं जाईल?"

तिने कागद ओढला. तोही शेजारी खुर्ची ओढून बसला. मग दोघं इतक्या जोरात भांडू लागली की शेजारच्या खात्यातली माणसं दारात येऊन उभी राहिली. जेवणाची वेळ टळून गेली. मी हॉटडॉग आणले, ते थंड झाले. अखेर लॉरेटाने पेन्सिल टाकली. वाचलेल्यातलं थोडं पंपाने खाल्लं, तरी सरासरी गाठायला पुरेल एवढं उरत होतं. जेमतेम, पण पुरत होतं.

नवी वाट पाडलेलं इंजिन घेऊन आम्ही सप्टेंबर सरायच्या आत पुन्हा त्या चढावर गेलो. ऊन अजून तसंच भाजत होतं. ह्या वेळी गाढवं नव्हती, तर स्टेलिओस स्वतःच मध्ये मध्ये थांबत होता. तेल कढू द्यायचं, दाब पडू द्यायचा आणि एकदम पाय दाबायचा. असं तो आठवडाभर करत राहिला. कुणी थांब म्हटलं की म्हणायचा, "म्हातारा याहून वाईट चालवतो."

परतल्यावर शेवटचं बेअरिंग त्याने स्वतः काढलं. कुणाला हात लावू दिला नाही. पट्टी पुसली, पाहिली आणि लॉरेटाच्या तळहातावर ठेवली. करडी. गुळगुळीत. तांब्याचा मागमूस नाही.

लॉरेटा किंचाळली. मी किंचाळले. स्टेलिओसने तिला उचलून अख्ख्या कारखान्यात फिरवलं आणि ती त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत "खाली ठेव, बैला!" म्हणत हसत होती.

थंडीत ॲन आर्बरच्या सरकारी प्रयोगशाळेतून निकालाचा फोन आला. सरासरी बसली होती, आणि वर कणभर उरलीही होती. फोन मीच घेतला होता. मी धावत तळमजल्यावर गेले. स्टेलिओसच्या खोलीचं दार बंद होतं आणि आतून दोघांचा आरडाओरडा ऐकू येत होता. दार ढकललं तर फळ्यावर एका नव्याच इंजिनाची आकृती काढलेली आणि दोघांच्या हातात खडू.

"पास झालो!" मी ओरडले.

"झालोच असणार!" स्टेलिओसने वळूनही पाहिलं नाही. "नोरीन, इकडे ये. हिला सांग, ह्या कोपऱ्यात तेल अडकणार आहे!"

"अडकणार नाही!" लॉरेटा ओरडली आणि खडूने त्याची रेघ पुसून टाकली.