पुसून गेलेले नाव

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पारख्याने भिंग खाली ठेवले आणि सांगितले, "पात्यावर नाव दिसत नाही."

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे. मूठ काळ्या लाकडाची, खिळे पितळेचे, पाते करंगळीएवढे. एका कारागिराने मला नऊ आठवडे खपून घडवले. त्याच्या चाकूसाठी जाणकार लोक वर्षानुवर्षे थांबत. मला मात्र त्याने विकले नाही. त्याच्या वडिलांचे बंद पडलेले घड्याळ एका घड्याळजीने चालू करून दिले, म्हणून खूश होऊन त्याने मला त्या घड्याळजींच्या हातात ठेवले.

घड्याळजींना मला वापरायचा धीर झाला नाही. एकतीस वर्षांत मी एकदाच काही कापले: त्यांच्या मुलीच्या नव्या बुटांच्या खोक्याची सुतळी. त्यानंतर त्यांनी मला तीनदा पुसले. दर रविवारी ते मला डबीतून काढत, पॉलिश लावत आणि कारागिराच्या नावावर अंगठा फिरवत. सगळ्यात जास्त तिथेच. बाकीचे सहा दिवस अंधार.

मग एकदा जेवताना जावई हसत म्हणाले, की सासरेबुवांना कुणीतरी छान गुंडाळलेय, असला चाकू फुकट कोण देतो. त्या रविवारी घड्याळजींनी डबी उघडली नाही. पुढच्याही नाही.

शेवटी मी खरोखर त्याच कारागिराचा आहे का, हे तपासून घ्यायला मुलीने मला गुपचूप इथे, पारख्याच्या दुकानात आणले. पारख्याने मला उघडून-मिटून आवाज ऐकला, उजेडासमोर धरून फट शोधली, पाते हलवून पाहिले. कागदाची कड कापली तेव्हा मला सुतळी आठवली.

"काम त्याच्याच हातचे वाटते," तो म्हणाला. "पण नुसत्या वाटण्यावर मी सही करत नाही. नाव पुसून पुसून गेलेय."

"बाबांनीच पुसलेय ते," मुलगी हळूच म्हणाली.

तो कारागीर मुठीच्या आतही प्रत्येक चाकूचा आकडा कोरत असे, हे पारख्याला माहीत होते. तो पाहायचा तर खिळे तोडावे लागतील. नवे बसवता येतील, पण मिटतानाचा हा आवाज परत येईलच असे नाही, हेही त्याने सांगून टाकले.

"बाबांना न विचारता आणलाय मी."

"मग आधी विचारा, ताई."

मुठीच्या डाव्या लाकडी पट्टीखाली एकशे सहा हा आकडा आहे. मला तो ठाऊक आहे, सांगता मात्र येत नाही.

मित्रांनो, आवडत्या वस्तूला जपा, पण तिला थोडे कामही द्या. नुसते जपले जाणे फार एकटे असते.

मी आता पारख्याच्या खणात, एका पाकिटात आहे. पाकिटावर पेन्सिलीने लिहिले आहे: 'मालकांचा निरोप यायचा आहे.' काल दुकानातला फोन वाजला, तो दुसऱ्याच कुणाचा होता. आज पाचवा दिवस. दुपारी चारपर्यंत निरोप आलेला नाही.